रविवारी निळं होत नाही

काका, तुमच्या शोकसभेत समोसे होते. दोन मिनिटांचं मौन संपायच्या आतच मागच्या रांगेत कोणीतरी चटणीची पुडी दातांनी फोडली. फोटो म्हणजे तुमच्या ओळखपत्रावरचाच, मोठा करून आणलेला, त्यामुळे नाक पसरट आणि डोळे पुसट. हार झेंडूचा होता, कडेने काळा पडलेला. तो आदल्या दिवशीच्या सत्कारातला उरलेला हार होता. मला ओळखू आला, कारण सत्कार माझा होता, आपल्याच कामासाठी. तुम्हाला जाऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते, पण पाहुण्यांची तारीख आधीच ठरली होती म्हणून आधी सत्कार, मग शोक, असा क्रम लागला.

सर, माझे गाइड आणि लॅबचे प्रमुख, बोलायला उभे राहिले. "देवराव हमारी लैब की नींव थे," ते म्हणाले, आणि तुमचं आडनाव विसरून कागदाकडे पाहिलं. मी पहिल्या रांगेत मान हलवत होते. मग बाहेर आले आणि बेसिनमध्ये ओकले. दुःखाने नाही, खोटं कशाला सांगू? किळस आली होती. सरांची आली, त्या चटणीची आली, आणि सगळ्यात जास्त त्या हलणाऱ्या मानेची आली.

तुम्ही लॅब अटेंडंट आणि मी आधी पीएच.डी. करणारी, नंतर तिथेच शिकवणारी, एवढंच आपलं कागदावरचं नातं. पण भिलाईच्या त्या कॉलेजात मराठी बोलायला मला तुम्हीच होता. माझे वडील दुर्गला रेल्वेत, मूळचे नागपूरकडचे. तुमचे वडील भंडाऱ्याची शेती सोडून पोलादाच्या प्लांटात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर लागलेले. पहिल्याच दिवशी मी अमोनियाची बाटली उघडून तोंड फिरवलं तेव्हा तुम्ही हसलात. "मॅडम, माह्या बापाच्या शर्टाले हाच वास येत जाय. मले तं हा घरचा वास वाटते." त्या वासाबद्दल तुमचं नाक कधी चुकलं नाही. हे मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं.

आपण काय करत होतो ते मी परिषदांमध्ये वीस-वीस मिनिटं बोलून सांगायची, आणि तुम्ही तुमच्या लेकीला, मीनाला, फोनवर एका दमात सांगायचात. मी एकदा बीकर पुसत पुसत ऐकलं होतं. "शेतात युरिया पडते, उकिरडा झिरपते, ते सारं हिरीच्या पान्यात उतरते, त्याले नायट्रेट म्हनते. आमी एक भुकटी बनवून राहिलो. ते त्या पान्यात टाकाची, उन्हात ठेवाची, का नायट्रेटचा अमोनिया होते. अमोनिया झाडाले खत, पानी मानसाले. समजलं काय?" मीनाला समजलं होतं. तिचं सासर अहिवाऱ्याच्या पुढच्या एका गावात, आणि तिथल्या हातपंपाला सरकारी माणसाने लाल रंग फासून ठेवला होता. पाणी उकळलं तरी नायट्रेट जात नाही. बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या लेकरांना ते सगळ्यात जास्त बाधतं, आणि मीनाला तेव्हा दिवस गेले होते. तुम्ही त्या पंपाचं पाणी तेलाच्या डब्यात भरून बसने कुम्हारीपर्यंत उलटे गेलात, कारण चुकीच्या बसमध्ये डबा घेऊन झोप लागली, आणि तिथून परत आलात. डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणालात, "याच्यावर करून पाहा ना."

ती भुकटी आपण दोघांनी बनवली. टायटॅनियम डायऑक्साइडच्या नळ्या, केसापेक्षा किती पटींनी बारीक, त्यांच्यावर तांब्याचे कण. ऊन पडलं की त्या नळ्यांनी नायट्रेट पकडून त्याचा अमोनिया करायचा, हे त्यांचं काम. ऑटोक्लेव्हची, त्या दाबाच्या भांड्यांची, झाकणं आवळून आवळून तुमच्या तळहाताला घट्टे पडले. बाहेरून काढून आणलेला मायक्रोस्कोपचा फोटो मी दाखवला तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "हे तं बांबूचं बन दिसून राहिलं." पेपरच्या शीर्षकात 'बॅम्बू फॉरेस्ट' आलं. सरांना फार आवडलं, सगळीकडे तेच सांगत फिरले. काका, शीर्षकात तुमचे शब्द होते आणि तुमचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. मी लिहिलं होतं, सरांनी खोडलं, आणि मी परत लिहिलं नाही.

आता त्या व्हरांड्याबद्दल. ऊन चांगलं यायचं ते फक्त लॅबच्या दक्षिणेकडच्या व्हरांड्यात, म्हणून बीकर तिथे मांडायचे. आणि त्या व्हरांड्याच्या भिंतीला लागून मुलांची मुतारी. वर जाळी, जाळीला काच नाही. एप्रिल-मे महिन्यात तिथे उभं राहणं म्हणजे शिक्षा होती. मी नाकाला रुमाल बांधायची, तुम्ही जाळीत उदबत्ती खोचायचात. सगळा देश स्वच्छ पाण्याची वाट बघतोय आणि आपण मुताच्या वासात उभं राहून त्याची तयारी करतोय, म्हणून आपण हसायचो. मला आता त्या हसण्याचीसुद्धा शिसारी येते.

कारण आपली पद्धत अशी होती: एक बीकर उन्हात, उघडा. त्याच्या जोडीला तपासणीची बाटली, भुकटी, पाणी आणि त्यात घातलेलं थोडं ॲसिड तेच, पण अंधारात. म्हणजे बूच लावून, फॉइल गुंडाळून, आत कपाटात. संध्याकाळी दोन्हीत रसायनं घालायची. अमोनिया असेल तर पाणी निळं होतं. उन्हातलं निळं झालं, अंधारातलं नाही झालं, म्हणजे उन्हाने काम केलं. पहिल्यांदा ते निळं उतरलं तेव्हा तुम्ही "झालं मॅडम, झालं!" म्हणून एवढ्याने ओरडलात की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले. ऊन जितकं कडक तितकं निळं गडद. याहून सुंदर पुरावा कोणता हवा होता?

तुम्हाला हवा होता. तुमच्या रजिस्टरात तारखेच्या आधी वार लिहिलेला असायचा. अटेंडंट लोक ड्यूटीचं रजिस्टर तसंच भरतात, सोम, मंगळ, बुध. आम्ही शिकलेले लोक फक्त तारीख लिहितो. रविवारी मी दुर्गला घरी असायची आणि तुम्ही मीनाच्या पाण्यापायी सुटीच्या दिवशीही येऊन बीकर मांडायचात. एका सोमवारी तुम्ही ते रजिस्टर माझ्यापुढे उघडून बोट ठेवलंत.

"मॅडम, रविवारी निळं होत नाई."

"कावून?"

"मले काय मालूम? ऊन तेच, भुकटी तेच, पानी तेच. तुमची भुकटी रविवारी सुटीवर जाते काय?" मी हसले. तुम्ही नाही हसलात. "दिवाळीच्या सुटीतबी नाई झालं. पोरं आले का होते, पोरं गेले का बंद. हे मुतारीचं निळं आहे, मॅडम. उघड्या बीकरात तिकडचा वास उतरून राहिला. आपली बाटली तं बूच लावून कपाटात रायते, तिले कुठून येईन? एक डाव नुसतं पानी ठेवून पाहा ना. भुकटी नाई, नायट्रेट नाई. नुसतं पानी आनि आपलं थोडं ॲसिड."

काका, मला त्याच क्षणी कळलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ॲसिडचं पाणी हवेतला अमोनिया शोषून घेतं, हे बारावीच्या मुलाला माहीत असतं. उन्हाने मुतारी तापते, वास वाढतो, निळं गडद होतं. नायट्रेट खरंच कमी झालं का, हे आपण कधी नीट मोजलंच नव्हतं. अमोनिया वाढला म्हणजे नायट्रेट घटलं असणार, असं धरून चाललो होतो. पण पेपर पाठवायचा होता, प्रबंध अर्धा बांधून झाला होता, कॉलेजात जागा निघणार होती.

मी सरांकडे गेले. ते चहा पीत होते. "संडे का डेटा हटा दो," ते म्हणाले. "देवराव उस दिन अकेला रहता है, गड़बड़ कर देता होगा." आणि मी परत येऊन तुमच्याशी हिंदीत बोलले. आपण दोघं असताना मी कधीच हिंदीत बोलले नव्हते. म्हणाले, "काका, आप बीकर धोइए. बाकी हम देख लेंगे." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, "हौ," म्हणालात, आणि बीकर धुवायला गेलात. त्या 'आप'ची मला आजही किळस येते. एवढ्या आदराने मी कोणाचा एवढा अपमान केलेला नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. प्रबंधात मी एक ओळ लिहिली, की अप्रशिक्षित सहायकाने घेतलेल्या काही नोंदी वगळल्या आहेत. इंग्रजीत ती फार सभ्य दिसते. मला वाटलं, तुम्ही कुठे वाचणार आहात? महिनाभराने तुम्ही टेबल पुसता पुसता विचारलंत, "मॅडम, अनट्रेन्ड म्हंजे माह्याचसाठी ना?" तुमच्या मुलाने वाचून दाखवलं होतं. मी म्हणाले, ती नुसती लिहायची पद्धत असते. "असन," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी घरून मुगाचे वडे आणलेत. तुम्ही राग धरला असता तर बरं झालं असतं.

मग गेल्या उन्हाळ्यात ती टाकी आली. पेपर गाजला म्हणून पैसा मिळाला, आणि प्रयोगासाठी गाव कोणतं निवडलं तर मीनाचं. का, तर मी सरांना सांगितलं होतं, तिथल्या पाण्याचा आपल्याकडे नमुना आहे. तुमचा तो तेलाचा डबा. वर काचेची तावदानं, आत आपली भुकटी थापलेली, खाली पांढरी टाकी आणि निळ्या पाटीवर सरांचं नाव, त्याखाली माझं. उद्घाटनाला तुम्हाला खुर्च्या मांडायला नेलं. सरांनी पहिला पेला प्यायल्याचं नाटक केलं, ओठ ओले करून खाली ठेवला. ते तुम्ही पाहिलंत आणि मी पाहिलं. 

शेवटचं आपलं बोलणं कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे झालं, तुम्ही जायच्या आठ दिवस आधी. तुम्ही ग्लास दोन्ही हातांत धरून बसला होता.

"मॅडम, एक सांगा. मीनाच्या गावच्यायनं ते पानी पेवाचं का नाई पेवाचं?"

मी म्हणाले, "पाहते काका."

"कधी पाहान?"

"पाहते ना."

तुम्ही ग्लास खाली ठेवलात आणि पहिल्यांदाच मला मॅडम म्हणाला नाहीत. "पाह्य पोरी," म्हणालात. आठ दिवसांनी सकाळी अंघोळीला गेलात ते बाहेर आलाच नाहीत. सेक्टर दहाच्या तुमच्या क्वार्टरमधल्या न्हाणीघराचं दार तुमच्या मुलाला तोडावं लागलं.

शोकसभेनंतर सरांनी मला बोलावून सांगितलं, की देवरावचं कपाट रिकामं करून घे, नवीन माणूस येतोय, जुनी रजिस्टरं रद्दीत टाक. कपाटात तुमचा टॉवेल होता, उदबत्तीचा पुडा होता, बांबूच्या बनाचा तो फोटो दाराला आतून चिकटवलेला होता. आणि रजिस्टर. मी चाळत गेले. उद्घाटनानंतरच्या एका पानावर तुमच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: 'सोमवार. नुसतं पाणी. निळं झालं.' खाली: 'रविवार. नुसतं पाणी. नाही झालं.' असं चार आठवडे.

म्हणजे तुम्ही करून पाहिलं होतंत. मी जे पंधरा मिनिटांचं काम वर्षानुवर्षं टाळलं ते तुम्ही सुटीच्या दिवशी येऊन, कोणाला न सांगता केलं होतंत, आणि तो कागद कपाटात ठेवून दिला होतात.  मग मी त्याच व्हरांड्यात एक बीकर ठेवला. पाणी आणि थोडं ॲसिड. मध्यंतराची घंटा झाली, मुलं भिंतीपलीकडे आली, हसली, गेली. संध्याकाळी मी रसायनं घातली. सुंदर निळं उतरलं, काका. आपल्या पेपरातल्या चित्रात आहे अगदी तसं.

सरांना दाखवलं. त्यांनी दार लावलं आणि बीकर हातातून घेऊन बेसिनमध्ये ओतला. "अब टंकी लग चुकी है," म्हणाले. "पागल हो गई हो क्या?" मग हळूच, की पाणी साफ असल्याच्या कागदावर तुझीही सही आहे. मला त्यांचा राग आला नाही. आरशात बघून काय राग येणार? ते जे करत होते ते मी त्यांच्याहून जास्त समजून-उमजून केलं होतं.

तेरवीला मी तुमच्या घरी आले. मीना स्वयंपाकघरात होती, मांडीवर धाकटं लेकरू. मी मनात जुळवून आणलेलं सगळं सांगितलं: ते पाणी साफ होत नाही, आधी होतं तसंच आहे, लेकराला देऊ नको. ती म्हणाली, "बाबानं मले कधीचंच सांगतलं जी. आमी टाकीचं पेत नाई. शाळेपल्याडच्या बोरचं आनतो."

"आनि गाव?"

"गावाले कोन सांगन? मी म्हटलं होतं बाबाले, सांगू काय म्हनून. तं म्हने, थांब. गावभर झालं का मॅडमची नौकरी जाईन. पोरगी वाईट नाई, तिचं तिलेच समजन, थोडं थांब."

थोडं म्हणजे किती, काका? एक अख्खा पावसाळा गेला. तुम्ही माझी वाट पाहत थांबलात आणि गाव ते पाणी पीत राहिलं. तुमच्या स्वतःच्या नातवाला बोरचं आणि शेजारच्या लेकराला टाकीचं. मी तुमच्या फोटोसमोर बसून रडायला आले होते, आणि तिथे बसून मला तुमचा संताप आला. कोणी मागितली होती तुमच्याकडे ही माया? मला एक शिवी हासडली असतीत, त्या हिंदी 'आप'च्या वेळीच एक ठेवून दिली असतीत, तर ती टाकी उभीच राहिली नसती. तुमच्या चांगुलपणाला मी नावं ठेवावीत एवढी माझी लायकी नाही. तरी ठेवते. तुमच्याशी खोटं बोलायचं आता तरी बंद करायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनासोबत बसने गावाला गेले. रजिस्टर पिशवीत होतं. टाकीपाशी पाच-सहा बायका हंडे लावून उभ्या होत्या. मी हिंदीत सांगितलं, हे पाणी पिऊ नका. एक म्हातारी, डोक्यावर चुंबळ तशीच, मला खालून वरपर्यंत बघून म्हणाली, "कोन कहत हे?" मी पाटीवरच्या माझ्या नावावर बोट ठेवलं. "ही मी. मीच लिहून दिलं होतं की साफ आहे." तिने पाटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "त काबर लगाए रहेव?" मग लावली कशाला, एवढंच विचारत होती.  तिने भरलेला हंडा तिथेच ओतला, माझ्या पायांवर, आणि ते पाणी स्वच्छ होतं, थंड होतं, त्याला कसलाच वास नव्हता.

दुसरी एक पुढे आली. कडेवर पोर होतं. "पहिली ले कोन जानत रिहिस?" आधीपासून कोणाला माहीत होतं? मीना माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकले असते की फक्त मला. तुम्ही मला जसं झाकलंत तसं तुम्हाला झाकायची तेवढी एकच संधी मला मिळाली होती, काका, आणि मला ती फार हवी होती.

मी रजिस्टर काढलं, सोमवारचं पान उघडलं आणि म्हणाले, "मला. आणि हिच्या वडिलांना."

 मीनाने लेकरू माझ्या हातात दिलं, पुढे जाऊन टाकीची तोटी घट्ट बंद केली, आणि परत येऊन लेकरू घेतलं, माझ्याकडे न बघता.

पेपर मागे घ्यायचं पत्र आज पाठवलं. सरांनी सही केली नाही, माझी एकटीचीच आहे. त्यात लिहिलं आहे की चूक सर्वात आधी देवराव यांना दिसली, आणि त्यांना अप्रशिक्षित म्हणणारी ओळ माझी होती. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. मीना माझा फोन उचलत नाही.

आज रविवार आहे. मी व्हरांड्यात नुसतं पाणी ठेवलं होतं. नाही झालं निळं.